अलीमच्या कागदावरचं बारीक भोक

लोकांचं काय, लोक काहीबी बोलतेत. म्हणतेत, अलीमला दिसंना गेलं म्हणून त्यानं बापाची रायफल ठाण्यात नेऊन टाकली. स्टेशनासमोरच्या हॉटेलात मी बसलेलो असलो अन् कुणी असं बोललं का माझ्या डोक्यात तिडीकच जाते. अरे बाबा, तुला काय म्हाईत? दिसत तर त्याला दोन सालापासून नव्हतं. रायफल गेली ती माझ्यामुळं. ह्या भागवतमुळं. मला कुणी इचारत न्हाई, पण मी सांगणार आहे.

अलीमचं अन् माझं घर बदनापुरात एकाच गल्लीत. मी इथल्या कृषी संशोधन केंद्रात रोजंदारीवर लागलो, पुढं कायम झालो, अन् तुरीच्या-मुगाच्या वाफ्यांत उभी हयात काढून रिटायर झालो. अलीम रोज सकाळच्या गाडीनं जालन्याला जायचा. पस्तीस वर्षं गेला. तिथं त्याच्या अब्बाचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं आत गेली का तिसऱ्यानं पायरीवर उभं राहावं, एवढंच. भिंतीला काचेत घातलेला परवाना, खाली ऐरण, कानशी अन् तेलाच्या बाटल्या. आता जालन्यात बंदुका अशा किती असणार? म्हणून तो शिलाई मशिनी अन् कुलपं पण दुरुस्त करायचा. पण कुणी ‘अलीम मशीनवाला’ म्हणलेलं त्याला खपायचं न्हाई. ‘अलीम बंदूकवाला’ म्हणा, मंग चहा पाजायचा.

त्याची एक सवय होती. बंदूक कुणाचीबी असो, हातात घेतली का पहिल्यांदा उघडायची, आत बोट घालून पाहायचं, मंग बोलायचं. एकदा अंबडकडचा एक मोठा जमीनदार चिडला. म्हणला, "मी रिकामी आहे म्हणून सांगून राह्यलो, माझ्या शब्दावर भरवसा न्हाई का?" अलीम म्हणला, "तुमच्यावर आहे साहेब, बंदुकीवर न्हाई." अन् घातलंच बोट. असला माणूस. पण पुढं साखरेच्या आजारानं त्याच्या बोटांची टोकं बधिर झाली, डोळे गेले, तव्हा तो मलाच इचारायचा, "भागवत, खाली है?" मी पाहून "हौ, खाली" म्हणलो का झालं. दुसऱ्या कुणाचं तो तेवढ्यावर घ्यायचा न्हाई. मला त्याचा लई गर्व वाटायचा, खोटं कशाला बोलू.

आता हसनाबादच्या काकासाहेबांचा निशाणा म्हणजे काय ते सांगतो, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. काकासाहेबांच्या रानात बंद पडलेली दगडाची खदान आहे, तिन्ही बाजूंनी सरळ कातळ. दसरा झाला का पुढच्या रविवारी आम्ही दहा-बारा परवानेवाले तिथं जमायचो. ठाण्यात रीतसर अर्ज जायचा. कुणाची आज्याची ठासणीची बंदूक, कुणाची दुनळी, माझी पिकाच्या राखणीची पॉइंट टू-टू, अन् अलीमची विलायती थ्री-फिफ्टीन रायफल. ती त्याच्या अब्बानं एका इनामदाराकडून घेतलेली, रीतसर कागदावर. तिचा दस्ता नवा अलीमनं स्वतः घडवला होता, शिसवाचा. खदानीत मातीचा ढीग, त्याच्यापुढं गोणपाट, गोणपाटावर कागद. कागद म्हणजे गेल्या सालच्या कॅलेंडरची पाठ. काकासाहेबांची सून वाटी ठेवून गोल काढायची अन् काळ्या शाईनं भरायची. पन्नास पावलांवरून माणशी पाच गोळ्या. बक्षीस न्हाई, कप न्हाई, भाषण न्हाई. मंग मटण-भाकरी, अन् मटण अलीमच्या ओळखीच्या कसायाकडून हलाल आणलेलं, कारण त्याच्याशिवाय पंगत बसत नव्हती.

नियम एकच होता अन् तो अलीमनंच घातलेला. ज्याच्या कागदावर दुसऱ्याच्या गोळीचं भोक, तो कागद रद्द. एका साली दोघा सख्ख्या भावांत त्याच्यावरून अबोला झाल्ता, तव्हापासून. त्याच्यासाठी अलीमकडं एक डबी असायची. आत दारू काढून टाकलेली रिकामी काडतुसं, टोकाला नुसती गोळी बसवलेली, प्रत्येक जातीच्या बंदुकीचं एक. निशाणा झाला का तो एकेक भोक मापायचा. काडतुसाचं टोक भोकात बराबर उतरलं तर ते त्या बंदुकीचं. ह्याच्यावर कुणी वाद घालायचं न्हाई.

मंग त्याचे डोळे गेले. गेले म्हणजे एकदम न्हाई. संभाजीनगरला इंजेक्शनं झाली, डॉक्टर म्हणले पडदा खराब झाला, आहे तेवढं सांभाळा. त्याला कडेनं दिसायचं अन् मधोमध काळा डाग. माणसाकडं पाहायचं तर मान वाकडी करून पाहायचा. दुकान बंद केलं, रेल्वेचा पास बंद झाला. दिवसभर घरात बसून राह्यला का त्याची बायको ताहेराभाभी कावायची, अन् तो रायफल काढून पुसायला लागला का जास्तीच कावायची.

"दिखता नै तो बंदूक कायकू घर में?" ती मलाच इचारायची, मी जसा काय वकील. "भाईजान, तुमी सांगा त्यायला. जवान पोरगी घरात आहे. कुणी चोरून नेली, काही झालं, तर जिम्मेदार कोण?"

तिचं बराबर होतं. पण अलीमचं पण बराबर होतं, तेच तर वांधं होतं. तो मला म्हणला, "दुकान गया, गाडी गयी. ये भी गयी तो मैं कौन रे? शक्कर का पेशंट?" मी आपलं तंबाखू मळत बसलो.

गणपती बसल्यावर काकासाहेब अलीमला पाहायला आल्ते. त्यांच्यापुढं, भाभीपुढं अन् पोरीपुढं अलीम बोलून गेला. "ह्या सालच्या निशाण्याला येतो. पाचातल्या तीन कागदावर बसल्या तर रायफल घरात राहील, ताहेरा बोलायची न्हाई. तीन न्हाई बसल्या तर ठाण्यात लिहून देतो, मला नको म्हणून. जबान है." भाभी पटकन "कबूल" म्हणली. तिला वाटलं, सुटलो. काकासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं अन् मी वर पंख्याकडं पाहिलं.

महिनाभर त्या माणसानं काय केलं म्हणून सांगू! फलक, त्याची पोरगी, जालन्याला कॉलेजात शिकवते. तिला त्यानं समोरच्या भिंतीवर काळा कागद गोल कापून चिटकवायला लावला. रोज दुपार कलल्यावर असरच्या नमाजानंतर रिकामी रायफल घेऊन पोटावर पडायचा अन् मान वाकडी करून नेम धरायचा. मी बाजूला बसून नळीकडं पाहायचो अन् सांगायचो, जरा डावी, जरा वर, बास. एक दिवस तो हसून मला म्हणला, "भागवत, भिंतीवरचा डाग कोणता अन् माझ्या डोळ्यातला कोणता, तेच कळंना गेलं. दोनो एक के ऊपर एक आ गये तो मारता हूं." मी पण हसलो. घरी आलो अन् जेवायची इच्छाच झाली न्हाई.

तो रविवार दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी पडला. विधानसभेचं वारं होतं, आचारसंहिता लागली का सगळ्या बंदुका ठाण्यात जमा होणार, म्हणून घाई होती. सकाळी नऊला आम्ही खदानीत होतो. अलीमनं इस्त्रीचा पांढरा कुर्ता घातल्ता, अत्तर लावल्तं. काकासाहेबांनी मला बाजूला घेतलं अन् म्हणले, "भागवत, तुमी त्यायच्या शेजारीच पडा. नळी इकडंतिकडं गेली तर हात घाला. मला जिवाला घोर आहे." म्हणून माझा कागद अन् त्याचा कागद शेजारीशेजारी, मधात दोन हाताचं अंतर. खुणा पाहायचं काम पुंजारामकडं, तो काकासाहेबांचा सालदार, वीस वर्षांपासून तोच करतो. बाकी सगळे मागं बाभळीखाली गपचूप बसले. एरवी कुणाचं ना कुणाचं तोंड चालू असतं, त्या दिवशी कुणी खोकलं पण न्हाई.

अलीमनं पहिली गोळी झाडली. खदान दणाणली. मी माझी पहिली मारली. माझ्या टू-टूचा आवाज त्याच्यापुढं म्हणजे पोरांची टिकली. त्यानं दुसरी मारली, मी मारली. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. तिसरीला त्यानं इतका वेळ घेतला का माझ्या मानेला रग लागली. चौथी सुटली, अन् मी गळ्यातली दुर्बीण डोळ्याला लावली.

दोन भोकं. एक कागदाच्या वरच्या कोपऱ्यात अन् एक काळ्या गोलाच्या काठाला. बास. चार गोळ्यांत दोन.

म्हणजे पाचवी बसली तर रायफल राहणार, न्हाईतर हा माणूस उद्यापासून कोपऱ्यात बसणार. घामानं त्याचा कुर्ता पाठीला चिटकल्ता. मी काय इचार केला? काहीच केला न्हाई. इचार केला असता तर हे झालं असतं का? माझी एक गोळी बाकी होती. मी माझी नळी दोन बोटं उजवीकडं सरकवली, त्याच्या कागदावर. त्यानं श्वास रोखला, मी रोखला. त्याची रायफल वाजली अन् तिच्यातच मी माझी वाजवली.

मला वाटलं, आवाजात आवाज मिसळला. मला असंबी वाटलं का मी लई मोठं पुण्याचं काम केलं. तापट माणसाला अक्कल कमी असते, माझी बायको म्हणते ते खोटं न्हाई.

पुंजाराम कागदांकडं पळाला अन् तिथूनच बोंबलला, "अलीमभाई, तीन! तीन बसल्या हो!"

मागून टाळ्या पडल्या. काकासाहेब एवढा घट्ट माणूस, त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मी पण टाळ्या वाजवल्या, जोरात. अलीम उठून बसला. हसला न्हाई. म्हणला, "कागद आण."

पुंजारामनं कागद आणून दिला. अलीम दगडावर बसला, कागद मांडीवर घेतला, खिशातून ती डबी काढली. पहिल्या भोकात त्यानं त्याच्या रायफलीचं काडतूस घातलं. बराबर बसलं. काळ्याच्या काठाचं भोक काडतुसाच्या टोकानंच चाचपून काढलं, त्यात घातलं. सैल गेलं. तिसऱ्यात घातलं, तर टोकच आत जाईना. परत घातलं, परत अडलं. त्यानं डबीतलं सगळ्यात बारीक काडतूस काढलं. ते गपकन उतरलं.

"ये मेरी नै," तो म्हणला. मंग मान वाकडी करून माझ्याकडं पाहिलं. "पाचवीला आवाज दोन आले. कान अब्बी सलामत हैं मेरे. भागवत, ही तुझी आहे."

तव्हा तरी मी खरं बोलायचं ना! सगळ्यांपुढं त्याचे पाय धरले असते तरी चाललं असतं. पण न्हाई. मी म्हणलो, "चुकून गेली रे. ऊन डोळ्यावर आलं, कागदच चुकला."

"ऊन पाठीवर आहे, भागवत," अलीम म्हणला. "मेरी पीठ गरम हो रही."

खरंच सूर्य आमच्या पाठीमागं होता. मला भूमीनं पोटात घ्यावं असं झालं.

पुंजाराम बिचारा भाबडा माणूस, त्याला ह्यातलं काही कळलं न्हाई. तो कागद उजेडाकडं धरून उलटापालटा करत होता. एकदम ओरडला, "थांबा थांबा! हे काळ्याच्या काठाचं पहा की. हे एक न्हाई, दोन आहेत! एकात एक गेलीय!" सगळे धावले. मी पण पाहिलं. आईच्यान सांगतो, दोन होत्या. एका भाकरीवर दुसरी जराशी सरकवून ठेवावी, तसा त्या भोकाचा काठ होता, दोन गोल स्वच्छ दिसत होते. म्हणून तर काडतूस सैल गेल्तं. चार गोळ्यांत अलीमच्या तीन बसल्या होत्या. दोन एकाच जागेवर. डोळस माणसाला जमत न्हाई ते ह्या माणसाला जमल्तं. पाचवी गेली होती वाया, तिची गरजच नव्हती. मी नुसता गप पडून राहिलो असतो तरी रायफल राहिली असती.

"अलीम!" मी ओरडलो. "अरे खरंच दोन आहेत! तुझ्या तीन झाल्या, तुझ्या स्वतःच्या!"

त्यानं कागदासाठी हात पुढं केला. त्या भोकावर बोट फिरवलं, अंगठा फिरवला, परत बोट फिरवलं. बोटांना काही कळत नव्हतं. कळणार कसं? त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं का मला तिकडं पाहवंना.

"आत्ता तू तीन म्हणून टाळ्या वाजवल्या," तो हळू आवाजात म्हणला. रागात न्हाई, रागात बोलला असता तर मी सहन केलं असतं. "मंग चुकून गेली म्हणला. आता दोनाच्या तीन झाल्या म्हणतो. मला दिसत न्हाई, भागवत. ह्याच्यातलं मी कोणतं धरू?"

काकासाहेब पुढं झाले. "अलीमभाई, मी सांगतो ना. माझ्या डोळ्यानं पाहिलं. दोन आहेत."

"काकासाहेब, आप भी ताली बजा रहे थे."

काकासाहेबांना काय म्हाईत होतं? काहीच न्हाई. तरी माझ्यामुळं त्या देवमाणसाची जबान पण खोटी पडली.

पुंजारामनं खोरं घेतलं, कागदामागची माती उपसली, अन् चेपलेल्या गोळ्या ओंजळीत घेऊन आला. "ह्या पहा, तुमच्याच रायफलीच्या." अलीमनं दोन उचलल्या, तळहातावर तोलल्या अन् इचारलं, "कोणत्या सालच्या?" त्या ढिगात वीस सालाचं शिसं होतं.

काकासाहेब म्हणले, दुसऱ्या पाच मारा, मी स्वतः तुमच्याजवळ बसतो. अलीम म्हणला, "जबान पाच की थी." मंग म्हणला, दुसऱ्याचं भोक पडलेला कागद रद्द, नियम माझाच आहे. पुंजारामला फुली मारायला सांगितली. तो मारीना. तव्हा अलीमनं त्याच्याकडून पेन घेतलं अन् स्वतः मारली. ती अर्धी कागदावर पडली, अर्धी त्याच्या पांढऱ्या पायजम्यावर. त्या दिवशी मटण तसंच राहिलं.

दोन दिवसांत निवडणूक जाहीर झाली, ठाण्याचे निरोप आले. दरवेळी मी अन् अलीम एका रिक्षात बसून बंदुका जमा करायला जायचो. ह्या वेळी मी दारात गेलो तर भाभी म्हणली, ते फलकसंगं सकाळीच गेले. निकाल लागल्यावर सगळ्यांनी आपापल्या बंदुका सोडवून आणल्या. अलीमनं लिहून दिलं का मला नको. मी ठाण्यात माझी घ्यायला गेल्तो तव्हा भिंतीला रांगेत लावलेल्यांत ती दिसली, शिसवाच्या दस्त्याला चिठ्ठी बांधलेली. मला तिथंच रडू आलं. हवालदार म्हणला, "काका, तब्येत बरी न्हाई का?" मी त्याच्यावरच खेकसलो.

तुमाला वाटंल, अलीम माझ्याशी बोलायचा बंद झाला. झाला असता तर बरं झालं असतं. मी महिनाभरानं सगळं कबूल केलं, हात जोडले, रडलो. तो म्हणला, "अरे पागल है क्या? दोस्तीत केलं ना? सोड." चहा पाजला. मुलांचं, पावसाचं, गुडघ्याचं इचारलं. अजून पण इचारतो. पण मी "चहा बिनसाखरेचा आहे" म्हणलो का तो कप हातात धरून आत आवाज देतो, "ताहेरा, इसमें शक्कर नै ना?" मी पेपर वाचून दाखवायचो पहिले, आता म्हणतो, "राहू दे, तुझे डोळे दुखतील, फलक आल्यावर वाचंल." पायरी आली म्हणून सांगितलं तरी काठीनं चाचपून मंगच पाय टाकतो. लई अदबीनं करतो सगळं. मला टोचावं म्हणून करतो असं म्हणायला पण जागा न्हाई. मीच एकदा चिडून म्हणलो, "मी काय तुला खड्ड्यात घालीन का रे?" तर म्हणला, "नै रे, आदत पड गयी."

भाभी मला एकदा दारापाशी म्हणली, "भाईजान, मला वाटलं होतं बंदूक गेली का घरात शांती येईल. ते दिवसभर बोलतच न्हाईत." मी चपला घातल्या अन् निघालो.

गेल्या मार्चमध्ये पाडवा अन् एकोणतिसावा रोजा एकाच दिवशी आला. संध्याकाळी मी साखरेची गाठी अन् पुरणपोळ्या घेऊन त्यांच्याकडं गेलो. अलीमला साखर चालत न्हाई, पण भाभीला अन् फलकला आवडते. रोजा सुटला, मगरीबचा नमाज झाला, अन् अलीम मला म्हणला, "चल, छत पे. चांद पाहू." पाहू म्हणला. मी त्याचा हात धरून वर नेलं. तो काठी टेकत आला, तरी हात धरू दिला. आजूबाजूच्या गच्च्यांवर पोरं उभी होती, मावळतीला जरा ढग होते. आम्ही कठड्यापाशी उभे राहिलो. तो आभाळाकडं तोंड करून उभा होता, मान नेहमीसारखी वाकडी. त्याला आता कडेनं पण दिसत नव्हतं.

मला दिसला. कुणाच्याबी आधी मला दिसला. स्टेशनाच्या पाण्याच्या टाकीवर, ढगाच्या फटीत, नखाच्या कातरणीएवढा. मी त्याचा दंड धरून हलवला. "अलीम, दिसला! चांद दिसला रे!"

त्याचा चेहरा एकदम उजळला. दोन्ही हात दुआसाठी अर्धे वर आले. मंग थांबले. हात त्यानं हळूच खाली घेतले, जिन्याकडं वळला अन् आवाज दिला, "फलक! बेटा, जरा ऊपर आ. चांद है क्या देख."

फलक पिठाचे हात घेऊन पळत आली. मी बोट दाखवलं. तिनं पाहिलं अन् म्हणली, "हौ अब्बा, है. मुबारक!" तेवढ्यावर त्यानं हात वर केले. दुआ पढली, तोंडावरून हात फिरवले, पोरीच्या डोक्यावर ठेवले. मंग मला चाचपून जवळ ओढलं अन् गळ्यात पडला.

"बुरा मत मान," तो कानात म्हणला. "ईद के चांद को दो गवाह लगते."

मी "हौ" म्हणलो. आदल्या सालच्या ईदला, निशाण्याच्या आधी, ह्याच गच्चीवर आम्ही दोघंच होतो. मी एकट्यानं चांद पाहून सांगितला होता, अन् त्यानं त्याच घडीला हात वर केले होते. ते मला आठवत होतं, अन् त्यालापण आठवत असणारच.